उश्या किती घेतीस?

"उश्या किती घेतीस गं झोपताना?"

शेजारच्या खोलीतल्या शालनआक्कांनी हे विचारलं तेव्हा मी बाळाच्या टाळूवर तेल थापत होते. त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, पदराखाली आळिवाच्या खिरीची वाटी झाकून. बाळंतिणीच्या खिरीला कुणाची नजर लागू नये, असा त्यांचा कटाक्ष.

"एक," मी म्हटलं.

"आन् ती दुसरी?"

"ती पाठीला. बाळ मांडीवरच झोपतं ना. खाली ठेवलं की रडतं."

"म्हंजे बसून झोपतीस."

"टेकून झोपते."

"टेकून म्हंजे बसूनच की. आडवं व्हायचं पोरी. बाळंतिणीनं बसून झोपू नये."

"का हो आक्का? पाठीत वारा शिरतो?"

मी हसले. दिवसभर त्या मला काही ना काही सांगत असायच्या. कान उघडे ठेवू नकोस, गार पाण्यात हात घालू नकोस, तिन्हीसांजेला बाळाचं धुणं बाहेर ठेवू नकोस. मी बी.एस्सी. झालेली, त्यातून प्राणिशास्त्र घेऊन. दहातल्या नऊ गोष्टी मी त्यांच्यासमोर मान हलवून या कानानं ऐकायची आणि त्या कानानं सोडून द्यायची.

आक्का मात्र हसल्या नाहीत. "चांगलं नसतंय," एवढंच म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या.

इचलकरंजीतल्या त्या चाळीत आम्हाला येऊन वर्षही झालं नव्हतं. खोलीची मागची भिंत मागाच्या कारखान्याची होती. माग चालू असले की भिंत थरथरायची, मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिण करायचे. आमचं बाळ त्या खटखटीतच झोपायचं आणि वीज गेली की शांततेनं दचकून उठायचं. माझा नवरा संदेश एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, दिवाणजी होता. मी सातव्या महिन्यात असताना ते सायझिंग बंद पडलं. पगार गेला आणि त्याच्यासोबत विम्याचं कार्डही गेलं. पगारापेक्षा कार्ड गेल्याचं मला जास्त लागलं, कारण त्या कार्डावर माझं बाळंतपण व्हायचं होतं. ते सरकारी दवाखान्यात झालं, नीट झालं, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. आई माझी मी कॉलेजात असतानाच गेलेली, त्यामुळे माहेर असं नव्हतंच. सासूबाई आल्या होत्या, पण गावी सासरे अंथरुणाला खिळलेले. बाराव्या दिवशी त्या डोळे पुसत एसटीत बसल्या. मग मी, बाळ आणि ती थरथरणारी भिंत. संदेश दिवसभर कामाच्या शोधात.

बाळ लहान होतं. फार लहान. जावळाखाली टाळू उडताना दिसायची आणि मी तिच्याकडे बघत बसायची. श्वास चालू आहे ना, ओठ काळे तर नाहीत ना, लघवी किती वेळा झाली, सगळं मी बघायची. झोपलं असलं तरी नाकाखाली बोट धरायची. माझ्यासमोर एकच प्रश्न होता, हे पोर वाढतंय की नाही. दुसरं काही मनात येतच नव्हतं.

त्यासाठीच मी दर बुधवारी बिनकार्डाच्या दवाखान्यात जायला लागले.

त्याचं पाटीवरचं नाव वेगळं होतं, पण सगळे त्याला बिनकार्डाचा दवाखानाच म्हणायचे. ज्यांना विमा नाही, खासगीत जायची ऐपत नाही, अशा मागाच्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्या, कापड घडी करणाऱ्या, बिगारी कामगार यांच्यासाठी चाळीतल्याच लोकांनी सुताच्या एका रिकाम्या गोदामात तो उभा केला होता. डॉक्टर मगदूम, पद्मजा मगदूम, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. बोलायला तिखट. औषधं कुणीकुणी आणून द्यायचं. जखमेला बांधायच्या पट्ट्या समोरच्याच मागांवर निघायच्या, ताक्याच्या टोकाला उरलेलं कापड धुऊन, उकळून. तिथे पैसे घ्यायचे नाहीत, पण प्रत्येकानं पाळी द्यायची. झाडणं, पाणी भरणं, चहा, पट्ट्या गुंडाळणं. माझी पाळी पट्ट्यांची होती. बसून करायचं काम म्हणून बायकांनी ते मला दिलं होतं, ओली बाळंतीण म्हणून.

आणि तिथे काटा होता.

लहान मुलांचा काटा मोडून पडला होता, म्हणून बंद पडलेल्या सायझिंगमधला सुताची पोती तोलायचा मोठा काटा तिथे आणून ठेवलेला. खाली लोखंडी पाट, वर घागरीच्या तोंडाएवढी आकड्यांची तबकडी. त्याच्यावर एकटं बाळ ठेवलं तर काट्याला कळायचंसुद्धा नाही. म्हणून आधी आईनं बाळाला घेऊन उभं राहायचं, मग बाळ दुसऱ्या बाईकडे देऊन एकटीनं. फरक निघेल ते बाळाचं वजन. काट्यावर हणमंतअण्णा बसायचे. मागावर उभं राहून त्यांचे पाय गेले होते, आवाज मात्र शाबूत होता.

"या, चाळीस नंबरचं सूत आलं बघा," मला बघितलं की ते ओरडायचे. "बारीक हाय, पन तुटायचं न्हाई."

बायका हसायच्या. मी पाटावर चढायची. पहिला आकडा ते मनातच धरायचे, दुसराही मनातच, आणि मोठ्यानं सांगायचे तो फरक. मीही तोच ऐकायची. सगळ्याच आया तोच ऐकायच्या. आईचा आकडा कुणी विचारत नव्हतं. त्याचं करायचं काय होतं?

पहिल्या दोन-तीन बुधवारी बाळ थोडंथोडं वाढलं. मी घरी जाऊन संदेशला सांगायची, तो बाळाला उचलून म्हणायचा, "काय रे पैलवान?"

एव्हाना माझ्या चपला मला होईनाशा झाल्या होत्या. पाय सुजले होते. बाळंतपणाची सूज असते, सगळ्या म्हणत होत्या. पाण्याची बादली दारातून मोरीपर्यंत नेली तरी मला थांबावं लागायचं. अशक्तपणा असतो, असंही सगळ्या म्हणत होत्या. आडवी झाले की छातीवर कुणी ताक्याचा गठ्ठा ठेवल्यासारखं व्हायचं आणि खोकला उसळायचा, उठून बसले की थांबायचा. हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. खोकला म्हटलं की क्षय म्हणतील, आणि क्षय म्हटलं की बाळाला माझ्यापासून लांब ठेवतील. कॉलेजात शिकलेलं सगळं मला तेवढंच सांगत होतं. मी बाळाच्या तोंडावर दुपटं धरून खोकायची.

एका दुपारी आक्का आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीची उशी उचलली.

"ऊन दाखवते. वास मारतोय."

"राहू द्या आक्का, मी दाखवीन नंतर."

"ऊन थांबतंय व्हय तुझ्यासाठी?" उशी काखेत मारून त्या गेल्या.

ती उशी संध्याकाळी परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मागायला गेले तर म्हणाल्या, "कापूस पिंजायला दिलाय." मला रागच आला. आपली उशी, न विचारता न्यायची, वर पिंजायला द्यायची. संदेशला म्हटलं तर तो म्हणाला, "जाऊ दे गं, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी उद्योग पाहिजे." मी दोन गोधड्यांची वळकटी केली, तिच्यावर जुनी साडी टाकली आणि टेकले.

मंगळवारी दुपारी डोळे मिटून तशीच टेकले होते. उघडले तर आक्का समोर उभ्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या गोधड्यांच्या वळकटीकडे बघत होत्या.

"आडवी हो बघू," म्हणाल्या.

"बाळ उठेल."

"बाळाला मी घेते. तू आडवी हो."

"आक्का, माझ्या मागे का लागलाय तुम्ही?" माझा आवाज चढला. "झोपू द्या ना मला माझ्या पद्धतीनं. मी काय अडाणी आहे?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. काहीतरी बोलायला ओठ उघडले, मग माझ्या कपाळाकडे, कानाला बांधलेल्या रुमालाकडे बघून त्यांनी ते गिळलं. "उद्या बुधवार हाय न्हवं," म्हणाल्या. "म्या येते संगट."

"मी जाईन एकटी."

"म्या येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. गोदाम दोन गल्ल्या पलीकडे होतं. मी तीन ठिकाणी थांबले, दर वेळी बाळाचं दुपटं सारखं करायचं निमित्त करून. आक्का प्रत्येक वेळी माझ्याबरोबर थांबल्या आणि दुसरीकडे बघत राहिल्या.

काट्यापाशी माझ्यापुढे शमीम होती. पलीकडच्या गल्लीतली, कांड्या भरायची. तिची मुलगी माझ्या बाळाच्या आठवडाभर मागची, पण दुप्पट गुबगुबीत. "खाके खाके मोटी हुई मेरी शहजादी," म्हणत ती उतरली, आणि मी चढले.

काटा फिरला. गेल्या बुधवारपेक्षा पुढे गेला. बराच पुढे. मी बघितलं आणि माझ्या अंगावर काटाच आला आनंदानं.

"अण्णा, वाढलं! बघा कुठं गेलाय!"

"थांबा की वहिनी. बाळ द्या खाली."

बाळ शमीमकडे दिलं. मी एकटी उभी राहिले. हणमंतअण्णा तबकडीकडे बघत राहिले. 

"किती?" मी विचारलं.

"जरा उतरा. परत चढा."

मी उतरले, परत चढले. पाटाची ती एवढीशी पायरी, पण मला कठड्याला धरावं लागलं.

"किती अण्णा?"

"काटा बिघडलाय बगा," ते म्हणाले. "तुमचंच वजन वाढल्यालं दावतोय. बाळाचं..." ते थांबले. "बाळाचं न्हाई वाढलं. उलट जरा..."

मला पुढचं ऐकू आलं नाही. उलट म्हणजे घटलं. मी त्या लोखंडी पाटावरच खाली बसले आणि रडायला लागले. दूध पुरत नाही. मी खात नाही, दूध कुठून येणार? माझ्यामुळे पोर वाळतंय. हे सगळं मी मोठ्यानं बोलत होते हे मला नंतर शमीमनं सांगितलं.

डॉक्टर मगदूम आतून उठून आल्या. "काय गोंधळ आहे? काय झालं?"

"काटा बिघडला बाई," अण्णा म्हणाले.

"काटा ठीक आहे. सकाळीच औषधांची खोकी तोललीत त्याच्यावर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हणालीस? खात नाहीस?"

"जात नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं."

"दोन घास खातेस. तोंड बघ, गालफडं बसलीत. आणि वजन वाढतंय?"

 त्यांनी वाकून माझा पाय धरला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीत बोट रोवावं तसा. आम्ही सगळ्याजणी त्या खड्ड्याकडे बघत होतो. तो भरून येतच नव्हता.

"दम लागतो?"

"थोडा. अशक्तपणा आहे."

"खोकला?"

मी बाळाकडे बघितलं. शमीमच्या हातात ते रडायला लागलं होतं. "नाही," मी म्हटलं.

"डाक्टरीणबाई." मागून आवाज आला. आक्का दाराजवळच्या खांबाला धरून उभ्या होत्या. एवढ्या माणसांत त्या कधी बोललेल्या मी ऐकलं नव्हतं. "ती बसून झोपतीया. म्या उशी काढून न्हेली, तर गोधड्या रचल्या तिनं. खोकला पन हाय. भितीच्या पलीकडनं ऐकू येतोय मला. आडवं व्हायलाच येत न्हाई तिला."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. ओरडायच्या ऐवजी त्या एकदम हळू बोलायला लागल्या आणि मला त्याचीच भीती वाटली.

"ऊर्मिला, ह्या बाकावर जरा आडवी हो. मी आहे इथे. होईल तेवढीच."

मी आडवी झाले. चार श्वास घेतले असतील. मग पाण्यात डोकं दाबल्यासारखं झालं. मी हात मारत उठले तेव्हा आक्कांनी मला पाठीमागून कवटाळून धरलं होतं, बसती, त्यांच्या छातीवर टेकवून. डॉक्टर नळी लावून पाठीत ऐकत होत्या. खूप वेळ ऐकत होत्या.

"क्षय आहे का?" मी विचारलं.

"नाही. तुझं हृदय थकलंय. बाळंतपणानंतर होतं काही बायकांना. पाणी साठलंय अंगात, छातीत. त्याचं वजन दाखवत होता हा काटा." मग वळून, "हणमंतराव, रिक्षा. आत्ता. आणि हिच्या नवऱ्याला कुठून तरी शोधा. मी मोठ्या दवाखान्यात फोन करते."

"बाळ?" मी म्हणाले. "बाळाला पाजायचं आहे. त्याची वेळ झालीय."

 बाळ टाहो फोडत होतं. शमीमनं आपली मुलगी शेजारच्या बाईच्या मांडीवर टाकली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "चलेगा ना ताई?" मी मान हलवली. तिनं भिंतीकडे तोंड केलं, ओढणी पुढे घेतली. रडणं थांबलं. त्या गोदामात फक्त बाळाच्या घुटक्यांचा आवाज येत होता. इतका मोठा घुटक्यांचा आवाज त्यानं माझ्याजवळ कधी काढला नव्हता.

रिक्षात आक्का माझ्या पाठीमागे बसल्या, सगळा रस्ता माझी उशी होऊन.

मोठ्या दवाखान्यातलं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. नाकावरची नळी, सुया, सारखी लघवी, संदेशचा काळवंडलेला चेहरा. छातीची सोनोग्राफी करणारा मुलगा पडद्याकडे बघून उठला आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला होता. तिथल्या डॉक्टरांनी संदेशला बाहेर नेलं. काय बोलले ते त्यानं मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. आणखी दोन दिवस घरी राहिले असते तर आणलं नसतं तरी चाललं असतं, असं काहीतरी. दूध बंद करायच्या गोळ्या दिल्या. छाती दगडासारखी झाली, मग हळूहळू आटली. त्या आटण्याचं दुःख मी कुणाला समजावून सांगू शकलेले नाही. बाळ तिकडे शमीमकडे आणि आणखी एका बाईकडे, आळीपाळीनं. बिनकार्डाच्या दवाखान्यातली ती पाळी कुणी लावून दिली नव्हती. बायकांनी आपसांत घेतली होती.

घरी आले तेव्हा पायांची हाडं दिसत होती. उशी परत आली होती, खरंच नवा कापूस भरून. मी आडवी झाले आणि छतावरच्या पत्र्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी मी तो पत्रा असा समोरून बघत होते.

पुढचं सगळं वर्ष मी बुधवारचीच होते. गोळ्या तिथूनच मिळायच्या. डॉक्टर मगदूम छाती ऐकायच्या आणि कधी "बरं" म्हणायच्या, कधी काहीच नाही. हृदय बरंचसं सावरलं, पूर्ण नाही. दुसरं मूल नको, असं त्यांनी एकदाच सांगितलं आणि लगेच दुसऱ्या पेशंटला हाक मारली. आजही जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबते. मुलगा शाळेचं दप्तर घेऊन वर उभा राहतो आणि म्हणतो, "ये सावकाश."

काट्यावर मात्र एक बदल झाला. हणमंतअण्णा आता आधी आईचा आकडा मोठ्यानं सांगायचे. बायका लाजायच्या, "अण्णा, हळू की," म्हणायच्या. अण्णा ऐकायचे नाहीत.

एका बुधवारी मी आणि आक्का पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. आक्कांनी आता तिथे पाळी घेतली होती, आजार काही नसताना. मी विचारलं, "आक्का, तुम्हाला कसं कळलं हो? उशीचं?"

त्यांनी पट्टी गुंडाळून संपवली. दुसरी घेतली.

"माझी सुरेखा," म्हणाल्या. "तुझ्याच खोलीत व्हती, तवा ती खोली आमची. बाळंतपणाला आलेली माज्याकडं. बसूनच झोपायची. म्या म्हनायची, आगं काय आळशी, बाळाला खाली ठेव, नीट पड. एक दिस सकाळी भितीला टेकूनच..." पट्टीचं टोक त्यांनी दातांत धरलं, तोडलं. "लोक म्हनले बाळंतरोग. तिची तान्ही पोरगी न्हेली सासरच्यांनी. दावली न्हाई पुन्हा."

माझ्या खोलीत. त्याच भिंतीला.

"मग मला का नाही सांगितलंत? सरळ सांगायचं ना."

"ओल्या बाळंतिणीला असलं सांगत्यात व्हय?" त्या जवळजवळ रागावल्या. "मेलेलीचं? तुजं दूध आटलं असतं. म्हनून नुसतं इचारत व्हते. रोज इचारत व्हते. तू हसायचीस."

पलीकडे अण्णांनी कुणाचा तरी आकडा पुकारला. आम्ही दोघी पट्ट्या गुंडाळत राहिलो.

आक्का आता नाहीत. चाळीत कुणाच्या घरी पाळणा हलला की मी जाते. बायका काजळाची डबी, टोपडं, काहीबाही घेऊन आलेल्या असतात, बाळ कुणावर गेलंय यावर वाद चालू असतो. मी कडेनं आत जाऊन बाळंतिणीजवळ बसते.

तुमच्या जिन्यावर, पलीकडच्या घरात, नात्यात कुठेतरी आत्ता एखादी ओली बाळंतीण असेलच. बाळाला बघायला जाल तेव्हा जरा तिच्याजवळ बसा. विचारा, उशा किती घेतेस? ती हसेल. हसली म्हणून उठून येऊ नका. तिला म्हणा, मी बाळाला घेते, तू माझ्यासमोर आडवी होऊन दाखव.